शाळेतून जाणारी वाट

तिवरपाड्याच्या गोटीराम पाटलांना शाळा हवी होती ती मुंबईच्या मोठ्या पोस्टासारखी. ते पोस्ट त्यांनी जन्मात एकदाच पाहिलं होतं, कोर्टाच्या कामाला गेले होते तेव्हा. पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. "खारीतून जानाऱ्या गलबतावरनं दिसली पायजे आपली शाला," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगत. गावची शाळा तोवर देवळाच्या पडवीत भरायची आणि पाऊस तिरका आला की सुटायची.

साठ-एकसष्ट साल असेल. खाडीवर पूल नव्हता. बेलापूरपट्टीतून मुंबईला जायचं तर एक तर ठाण्याला वळसा घालायचा, नाहीतर होडीत बसायचं. अशा गावातला एक पोरगा मुंबईत जाऊन इमारतींचे नकाशे काढायला शिकला होता, हे गोटीरामकाकांचं नशीब. जयदेव त्याचं नाव. फोर्टातल्या एका कचेरीत तो काम करी आणि परळला खोली घेऊन राही. सरकारकडून शाळेला मंजुरी आली त्या दिवशी काकांनी त्याला निरोप धाडला. सरकारची अट होती: मेहनत गावानं करायची आणि पावसाच्या आत पाया भरून काढायचा. नाहीतर मंजुरी शेजारच्या गावाला जाणार होती, आणि शेजारच्या गावाला शाळा मिळणं म्हणजे काकांच्या दृष्टीनं बुडून मरण्यासारखंच.

जयदेवला निरोप मिळाला त्याच रात्री तो कोरा कागद पसरून बसला. दुसऱ्यांच्या बंगल्यांचे जिने आणि खिडक्या काढून तो कंटाळला होता. ही त्याची स्वतःची पहिली इमारत, आणि तीही आपल्या गावात! या गावाचे उपकार कसे फेडावेत हा विचार त्याच्या मनात नेहमी यायचा, आणि तो आला की पहिला चेहरा दिसायचा तो येसूबाईचा.

येसूबाई कोळवाड्यातली. जयदेवचं घर आगऱ्यांचं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, आणि बाप दिवस उजाडायच्या आत मिठागरावर जायचा. येसूबाई मासळीची टोपली घेऊन बंदरावरून वर यायची, विकायला पुढं जायच्या आधी यांच्या दारात थांबायची, चूल पेटवायची, पोराला कालवण-भात भरवायची आणि मग आपल्या वाटेला लागायची. बाजाराला उशीर होतो म्हणून घरी बोलणी खायची, तरी थांबायची. गावात कुजबुज झाली, आगऱ्याच्या चुलीशी कोळीण कशाला? ती म्हणाली, "भूक कनच्या जातीची असतं ता मना आदी सांगा." मुंबईत कुणी "तुझी आई?" असं विचारलं की जयदेव क्षणभर गडबडायचा, कारण डोळ्यांपुढं यायची ती टोपली घेतलेली येसूबाई.

तर जयदेवनं नकाशा काढला. सपाट स्लॅबची, एकसंध, लांबलचक इमारत. कोळवाडा आणि आगरवाडा यांच्यामध्ये एक उंचवटा होता, एका बाजूला काटेरी कुंपण घातलेली भाताची खारजमीन, दुसऱ्या बाजूला खाजणाचा चिखल. इमारत त्या उंचवट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. "आक्की जागा भरून काढ," असं काका म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर जयदेवलाही ते मनापासून पटलं होतं. पहिली इमारत कुणाला लहान हवी असते?

पण कागदावरचा नकाशा गावात कुणाला कळेना. काकांनी तो उलटा धरून "बेस हाय" म्हटलं. तेव्हा एका रविवारी जयदेवनं चुन्याची फक्की आणवली आणि उंचवट्यावर अख्खी शाळा जमिनीवर आखून दाखवली. हा वर्ग, हा दुसरा वर्ग, ही मास्तरांची खोली, हे दरवाजे.

तिवरपाड्यात एक रीत होती. घराची जागा चुन्यानं आखली की घर झालंच असं समजायचं. रेघ ओलांडायची नाही. आत जायचं ते दारातून. रेघ मोडली की वास्तूला आणि गावाला बाधा होते, असं सगळे मानत. त्यामुळं त्या संध्याकाळी अख्खं गाव नसलेल्या दारांतून रांगेनं आत-बाहेर करत होतं. काका तर पहिल्या वर्गात घोंगडी टाकून बसले आणि उन्हाला कंटाळून म्हणाले, "खिरकी लाव र कोनतरी." शेळ्यांना मात्र रीत माहीत नव्हती. एक शेळी थेट भिंतीतून आत आली तेव्हा तिला हाकलून, वळसा घालून, दारातून बाहेर काढण्यात आलं. जयदेव पोट धरून हसला आणि समाधानानं मुंबईला गेला.

पुढच्या रविवारी बस चुकली म्हणून तो ट्रॉम्बेहून होडीनं आला. ओहोटी लागली होती. बंदरावर उतरून तो कोळवाड्यातून वर निघाला, तर पुढं कोळणींची रांग, डोक्यावर टोपल्या, त्यात येसूबाई आणि तिची सून सगुणा. उंचवट्याशी येताच सगळ्या बाया डावीकडं वळल्या आणि सरळ खाजणाच्या चिखलात उतरल्या. गुडघाभर चिखल. एका हातानं टोपली सावरायची, दुसऱ्या हातानं तिवराची फांदी धरायची, पाय उपसायचा, पुढं टाकायचा.

"मावशे!" जयदेव ओरडला. "इकरनं कं चाललाव? वाट त वरनं हाय!"

येसूबाईनं मान न वळवता आवाज ओळखला. टोपलीखाली मान वळत नाही. "आयलास काय, बाला? वरनं शाला हाय ना."

"कटं हाय शाला? नुसता चुना हाय तो!"

"चुना परला म्हंजी भित झायली. भितीतनं कोन चालतं काय?"

"मंग दारातनं जावाचं!"

"दारातनं आत जाशील, न मंग?" सगुणा हसत म्हणाली. "तुजी दारा सगली येकाच आंगाला. पलीकरं भितच हाय."

जयदेवनं वर पाहिलं. कोरडा, स्वच्छ उंचवटा, त्यावर चार बोटं रुंदीच्या पांढऱ्या रेघा. त्या रेघांपायी या बाया आठवडाभर चिखल तुडवत होत्या. त्याला आधी हसू आलं आणि ते तोंडातच विरलं. ही वाट त्याच्या घरापुढूनच पुढं जात होती. याच वाटेनं रोज त्याचं जेवण चालत यायचं. मोजणीच्या कागदावर ती नव्हती, म्हणून त्याला दिसली नाही. कागद बघायला शिकलो आणि पायाखालचं विसरलो, असं त्याला वाटलं आणि कानशिलं तापली.

"न सांगलाव कं नाय कुनाला?"

"काय सांगाचं?" येसूबाई म्हणाली. "भरतीला वाईच कमरंपत लागतं, येवरंच. परवा सगुना परली, जवला सांडला. पन शाला झाली पायजे ना? आमचीबी पोरा शिकतील." मग जरा थांबून, दम घेऊन म्हणाली, "न तुजी शाला हाय ती. तुज्या भितीवर मी पाय कसा टाकू?"

तिच्या बोलण्यात तक्रारीचा मागमूस नव्हता. जयदेवला तेच सोसवेना. ती रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो तडक वर चढला. काका पहिल्या वर्गात छत्री उघडून बसले होते.

"काका, शालेच्या मधनं वाट सोराची."

"मधनं?" काकांची छत्री खाली आली. "शालेला मधीच भोक? मुंबयच्या पोस्टाला कंदी भोक बगलंस?"

"त्या बाया चिखलातनं जातान, काका."

"जातान त जातान, कोली हान, चिखलातच जनमलान. न मंजुरीचं काय? पाऊस काय लांब हाय? नकाशा बदलला न सायबानं फिरवली मंजुरी, त शेजारची डोक्यावर नाचतील आपल्या! न आखलेली रेघ मोरतंस? गावाला बादा नको आनूस."

काकांचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं, आणि जयदेवला ते ठाऊक होतं. मंजुरी गेली असती तर पोरांची शाळा गेली असती आणि त्याची पहिली इमारतही. त्यानं काकांशी वाद घातला नाही. तो पुन्हा चिखलात उतरला, कचेरीतल्या पँटीसकट, आणि येसूबाईपुढं जाऊन उभा राहिला.

"टोपली दे."

"खुला झायलास काय? शिकलेला मानूस तू! पानी गलतं, कापरा खराब व्हतील."

"दे बोलतं ना, मावशे."

त्यानं टोपली घेतली. डोक्यावर ठेवली तेव्हा त्याला कळलं की लहानपणापासून जे बघत आलो ते किती जड होतं. मान खांद्यात गेली. मासळीचं पाणी कॉलरीतून आत शिरलं. तो तसाच वर आला, रेघेशी थांबला, आणि सगळ्या गावादेखत पायानं चुना पुसला. मग आत शिरून, वर्गातून सरळ चालत जाऊन, पलीकडची रेघही पुसली आणि पार जाऊन उभा राहिला.

बाया खालीच उभ्या होत्या. एकीनंही पाऊल उचललं नाही. पाटील बोलल्याशिवाय पुसलेली रेघसुद्धा भिंतच होती.

गोटीराम पाटील गर्विष्ठ होते, पण दगड नव्हते. त्यांच्याही ताटात जवळा याच टोपल्यांतून पडायचा. आगऱ्याचं पोर टोपलीखाली वाकलेलं आणि म्हातारी कोळीण मोडल्या रेघेपुढं चिखलात हात जोडून उभी, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग छत्री मिटवली, उठले, पुसलेल्या जागेशी आले आणि ओरडले, "येवरीच वाट? येवऱ्यातनं वरात कशी जाल? पालकी कशी जाल? पुसाचंच त नीट पूस ना!" आणि वहाणेनं स्वतःच इकडचा-तिकडचा हातभर चुना पुसून टाकला. "या ग, या वर! तमाशा काय बगताव?"

येसूबाई वर आली. जयदेवपाशी येऊन तिनं टोपली मागितली नाही; आधी ओल्या पदरानं त्याची मान पुसली. "दुकली ना?" तिनं विचारलं. त्यानं नुसती मान हलवली.

नवा नकाशा त्यानं त्याच आठवड्यात काढला, आणि या वेळी तो कागदावरून सुरू केला नाही. वाट आधी काढली. तिच्या दोन बाजूंना शाळेचे दोन भाग, स्लॅब नाही, गावातल्या घरांसारखी उतरती कौलं, वाटेवर धरलेलं एकच छप्पर, आणि वाटेच्या कडेनं दोन्हीकडं ओटा. ओट्याची उंची त्याच्या दुखऱ्या मानेनं ठरवली: डोक्यावरची टोपली कुणाच्या मदतीशिवाय टेकवता यावी, आणि तशीच परत डोक्यावर घेता यावी, एवढी. ठाण्याच्या कचेरीत साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "क्षेत्रफळ तेवढंच आहे ना? मग भोक कुठंही पाडा." ज्याच्या भीतीनं काका वाळले होते ते काम एवढ्या वाक्यात झालं.

पाया आगऱ्यांनी आणि कोळ्यांनी मिळून खणला. पाऊस आला तेव्हा जोतं वर आलं होतं. दिवाळीनंतर कौलं चढली आणि उद्घाटनाला जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे आले. बाहेर सावली फक्त त्या वाटेवर होती, म्हणून टेबलखुर्च्याही तिथंच मांडल्या. काकांनी भाषणात सांगितलं की मधून वाट सोडायची कल्पना मूळची त्यांची. जयदेवला जराही राग आला नाही. काकांनी वहाणेनं चुना पुसला नसता तर शाळा आज कुठं असती, हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यासाठी तो त्यांचा जन्मभर ऋणी होता.

पाहुणे बोलायला उभे राहिले तोच बंदराकडून गलका आला. समारंभासाठी भरती-ओहोटी थांबत नाही. कोळणी टोपल्या घेऊन वर आल्या त्या सरळ सभेत. काका ताडकन उठले, टेबल ओढून बाजूला केलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "वाईच सरका, सायेब. वाट हाय ही."

येसूबाई पुढं होती. सगुणाशी बोंबलांच्या भावावरून तिचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं नाही, नव्या कौलांकडं पाहिलं नाही, जयदेवकडंही पाहिलं नाही. भांडता भांडता टोपली ओट्यावर टेकवली, मानेवरून पदर फिरवला, टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि तावातावानं बोलत पलीकडं निघून गेली. जणू या छपराखालून ती लग्न होऊन आल्यापासून रोजच जात होती.

पाहुणे जयदेवकडं वाकून हळूच म्हणाले, "या बाईंनी तुमच्या शाळेकडं बघितलंसुद्धा नाही."

"नाही ना!" जयदेव म्हणाला, आणि भरल्या सभेत त्याला आनंदानं रडू फुटलं.