रत्नाबाईच्या हातचे दिवे

"चाकाला हात लावू नकोस," खाटेवरून येसाजी म्हणाला. "पाहुण्यांसमोर तरी नको."

रत्नाबाईने मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आपटला. "आता कसलं नको? पावसाळ्यापासून बसतेय मी. तुम्ही दवाखान्यात व्यायामाला गेलात की."

स्टुलावर बसलेली शलाका अवघडून दोघांकडे बघत राहिली. ती मूळची पुण्याची, आता इथल्या शहरातल्या एचएसआर लेआउट भागात दिव्यांचं डिझाइन करायची. विराज नावाच्या मित्राच्या नव्या हॉटेलसाठी तिला छताला टांगायचे मातीचे दिवे हवे होते, आणि येसाजीचा हात तिला ठाऊक होता. त्याच्या गावी, आनेकलला आल्यावर कळलं की संक्रांतीनंतर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. पाय सावरला होता, हात नाही. ती चहा पिऊन निघणारच होती, तेवढ्यात रत्नाबाई म्हणाली, "स्वल्प थांबा अक्का. मी करून दाखवते."

ह्या घरात माती कालवायची, तुडवायची, रंगवायची बायकांनी, चाक पुरुषांचं. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इकडे आले, बोलण्यात कानडी मिसळली, चाक विजेवर फिरू लागलं, पण रीत तीच राहिली. एकुलती मुलगी हुबळीला नांदत होती. चाकावर बसायला आता कुणी नाही म्हणून येसाजीने ते यशवंतपूरच्या एका माणसाला विकायचं ठरवलं होतं. रविवारी टेम्पो येणार होता.

पहिलं भांडं वर चढता चढता डोललं आणि बसलं. रत्नाबाईने ते खरवडून बाजूला टाकलं, दुसरा गोळा घेतला. ह्या वेळी भिंत सरळ वर आली, पोटाशी फुगली, गळ्याशी मिटली. तिने दोऱ्याने कापून ते फळीवर ठेवलं आणि आतून ओला कपडा फिरवायला घेतला.

"थांबा, पुसू नका!" शलाकाने फोनचा टॉर्च आत धरला. बोटांच्या गोल गोल वळ्यांवरून उजेड पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. "मला हेच हवंय."

"ते पुसायचं असतं," येसाजीला राहवलं नाही. "गिऱ्हाईक म्हणतं, काम कच्चं हाय."

"मडक्याच्या आत कोण बघतं, काका? दिव्याच्या आत सगळे बघतात."

येसाजीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रविवारी टेम्पो आला तेव्हा रत्नाबाई शेडच्या दारात उभी राहिली. "चाक कामात आहे," ती म्हणाली. टेम्पो परत गेला. त्या दिवसापासून येसाजी तिच्याशी बोलेनासा झाला. वाढलं की जेवायचा, शेडकडे फिरकायचा नाही. भट्टीतला पहिला घाणा तडकला तेव्हा तिला फार वाटलं, त्याला विचारावं. खाटेपर्यंत गेलीही. त्याची पाठ बघून परत आली, माती जास्त दिवस मुरवली, वाळवण सावलीत ठेवलं आणि पुन्हा चाकावर बसली. दुसरा घाणा निघाला तो खणखणीत.

मग शलाकाचा फोन आला. हॉटेलच्या दाराशी पाटी लावायची होती. "येसाजी कुंभार, आनेकल असं लिहू ना? त्यांचं नाव माहीत आहे लोकांना."

रत्नाबाईने आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

"नको अक्का," ती आवाज न उतरवता म्हणाली. "केलेत मी. माझं नाव लिहा."

आत खाट करकरली.

हॉटेलच्या उद्घाटनाला तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण ती साडी नेसून बाहेर आली, तर येसाजी इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभा. एका हाताने लावलेली बटणं एक घर चुकली होती. तिने ती सरळ केली. त्याने करू दिली.

दिव्यांखाली माणसं माना वर करून उभी होती. येसाजीची ओळख झाल्याबरोबर विराज लगबगीने पुढे आला. "काका, काय हात आहे तुमचा!"

येसाजीने आपला लुळा हात डाव्या हाताने सावरून धरला.

"हात माझा न्हाई," तो म्हणाला. "मी मडकी केली. दिवे हिचे. रत्नाबाईचे."

एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत त्याने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. रत्नाबाईला कुठे बघावं कळेना. शलाकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. येसाजी मात्र एका दिव्याखाली जाऊन बराच वेळ आत बघत राहिला.

आनेकलची बस कारखान्यातून सुटलेल्या माणसांनी भरली होती. रत्नाबाई पुढे बायकांच्या जागेवर बसली, येसाजीला मागे कुणीतरी जागा दिली. बोम्मनहळ्ळी मागे पडलं तशी गर्दीच्या डोक्यावरून त्याची हाक आली.

"काठ जाड ऱ्हायलाय!"

पाच-सहा माणसांनी वळून पाहिलं.

"सगळ्यांचा?" रत्नाबाईने विचारलं.

"दाराजवळच्यांचा. बाकीचे बरे हायत."

"मग केवढा ठेवू?"

येसाजीने डावा हात वर केला आणि अंगठा नि बोट जवळ आणून काठाची जाडी दाखवली. मधल्या माणसांमुळे तिला दिसेना. खिडकीजवळची जागा जाईल म्हणून शेजारीण तिला थांबवत होती, तरी रत्नाबाई उठून उभी राहिली.