उकंडरावाची ज्वारी

सोनाळ्यापुढे सरकारने नवी वस्ती वसवली, तिथे उकंडरावाचे आणि माझे वावर एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे. माती तीच, पाऊस तोच. तरी यंदा त्याची ज्वारी भरलेली आणि माझ्या कणसांत दाण्यांच्या जागी काणी रोगाची काळी भुकटी.

मागची तीन साले माझी ज्वारी स्वच्छ होती. चैत्रात माझी बायको झुंबर गेली. यंदाची पेरणी मी एकट्याने केली. धुऱ्यावर उभा राहिलो की पोटात जळायचे. त्याचे पीक पाहून जळायचे आणि त्याची न्याहारी घेऊन येणारी बायको पाहूनही.

शेतकी खात्याचा कामदार उतरायचा तोही त्याच्याकडेच. बुलढाण्याचे साहेब चौकशीला येणार होते. या कामदाराला इथून हलवायचेच, असे मी ठरवले.

साहेब आले, उकंडरावाच्या ओट्यावर बसले आणि कामदाराच्या कामावर समाधानी आहात का, असे एकेकाला विचारू लागले. माझी पाळी आली.

"साहेब, जेथं भाकर भेटते तेथंच हा जाते. याची औषधं उकंडरावच्याच बियाले. माह्या दारात कधी आला नाही."

उकंडरावाची बायको वच्छलाबाई आतून म्हणाली, "काहीतरीच काय बोलता, भाऊजी! कनसं काळी पडू नये म्हनून निळ्या मोरचुदाच्या पान्यात बी बुडवाले मले झुंबरबाईनंच शिकवलं. तीन सालं तुमचं बी ती तसंच भिजवे. पुड्या या कामदारानंच देल्या तिले."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही सरकारी औषधाले जहर म्हनत होते! तुम्ही वावरात गेले का ती बी भिजवे, सावलीत वाळवे. म्हने, ज्वारी पाहून ते खूश हायेत, राहू द्या."

"म्हंजे याच्या घरातच शेतकी खातं होतं बे!" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

साहेबांनी विचारले, "मग काय लिहू?"

"समाधानी हाय, लिवा," मी म्हणालो.

घरी कोपऱ्यात निळ्या डागांचे मडके होते. ते डाग मी कपड्यांच्या निळीचे समजत आलो होतो. मडके उचलून मी परत उकंडरावाच्या दारात गेलो.

"वहिनी, पानी किती, मोरचूद किती?"

तिने सांगितले. मी तिथून हललो नाही.

"आनखी काय काय सांगे ती तुमाले?"