मुलांसमोर उभे राहण्यास योग्य

“मूठ आवळा,” तो म्हणाला. सातवीच्या वर्गातल्या अडतीस मुलांनी मुठी आवळल्या.

“आता पेन घ्या. मुठीवरचं सगळ्यांत उंच हाड शोधा आणि त्याच्या टोकाभोवती एक गोल काढा. त्याच्या थोडं खाली दुसरा गोल. मग तिसरा. घाई नको. हाडाचा उतार जसा उतरतो, तसंच पेन फिरलं पाहिजे.”

“सर, शाई निघेल ना?”

“निघेल. नाहीतर आईला सांगा, भूगोल हातावर आलाय.”

मुलं हसली. शेवटच्या बाकावर निरीक्षक तिरके बसले होते, कारण त्यांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. गुणांचा तक्ता मांडीवर ठेवून तेही एका हाताची मूठ आवळून बसले होते. खिडकीपाशी भूगोलाच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हाताखाली तो आठ महिने सराव पाठ घेत होता. हा परीक्षेचा, शेवटचा.

शिकवण्याच्या परवान्याच्या परीक्षेला तीनदाच बसता येत असे आणि ही त्याची तिसरी वेळ होती. लेखी पेपर त्याला कधीच जड गेला नव्हता. पहिल्या वेळी वर्गात शिरताच त्याच्या तोंडून ‘बसा’ऐवजी ‘सावधान’ निघून गेलं होतं आणि वर्ग खरोखरच ताठ उभा राहिला होता. तेव्हापासून मुलं पाठीमागे त्याला ‘कवायत सर’ म्हणत. दुसऱ्या वेळच्या निरीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं : ‘हा वर्ग आहे, पलटण नव्हे.’ तो कागद त्याने घरी दाखवला नव्हता. सतरा वर्षं सैन्यात काढलेल्या, चव्वेचाळिशीतल्या माणसाने पुन्हा नापास झाल्याचं घरी किती वेळा सांगायचं?

“आता मूठ उघडा. हात बाकावर सपाट ठेवा.”

अडतीस तळवे बाकांवर टेकले.

“डोंगर कुठे गेला?”

“गेला!”

“आणि गोल?”

“आहेत!”

“हाच नकाशा. डोंगर निघून जातो, रेषा राहतात. या समोच्च रेषा. त्या जवळजवळ आल्या की समजायचं चढ खडा आहे, धाप लागणार. लांबलांब असल्या की चालायला सोपं. हे पाठ करायचं नाही. नकाशावरून बोट फिरवायचं आणि ते पायाला सांगायचं.”

वर्गातून एक बारीक ‘आऽ’ उमटला. बाईंनी खिडकीच्या गजावरचा हात काढला. आठ महिन्यांत त्यांनी त्याला इतकं मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं. त्याने फळ्यावर तोच डोंगर मोठा काढला, एका बाजूने ओढा उतरवला आणि पलीकडच्या उतारावर पायवाटेची तुटक रेघ ओढली.

तिसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीने हात वर केला.

“सर, नकाशात घर दाखवलं नसेल, तर तिथे घर नाही असंच समजायचं का?”

तो उत्तर द्यायला वळला, पण वळणं अर्ध्यातच राहिलं. खडूचा हात फळ्यावर, पायवाटेच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर टेकला आणि तिथेच राहिला. पाठ वर्गाकडे होती. मुलं आधी वाट पाहत राहिली. मग एकमेकांकडे बघू लागली. बाई एक पाऊल पुढे आल्या आणि निरीक्षकांकडे बघून थांबल्या. बाहेर कुणीतरी बादली सरकवली. खडूच्या टोकाची भुकटी होऊन फळ्याच्या कडेवर पडत होती.

शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “नाही. नकाशा काढल्यानंतर घर बांधलं असेल.”

“मग कळणार कसं?” चष्मेवाली म्हणाली.

“नकाशा कधीचा आहे ते बघायचं. नाहीतर जाऊन विचारायचं.”

“बरोबर,” तो फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला. त्याचा आवाज पहिल्या दोन बाकांपलीकडे गेला नसेल. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

व्हरांड्यात निरीक्षकांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांच्या मुठीवर निळे गोल होते.

“मी घड्याळ लावलं होतं. पावणेदोन मिनिटं! मुलीने प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर न देता पाठ फिरवून उभे राहिलात. वर्गाने स्वतः उत्तर शोधलं. अहो, आम्ही जन्मभर हेच सांगतो आणि कुणाला धीर निघत नाही. इतके गुण मी आजवर कुणाला दिलेले नाहीत.”

त्याने तोंड उघडलं.

“आभार माना,” बाई मागून म्हणाल्या.

“आभारी आहे,” तो म्हणाला.

शिक्षकांच्या खोलीत दुपारी कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी तो हातावरची शाई घासत उभा होता. बाईंनी टेबलावर शेवटचा अर्ज पसरला. निरीक्षकांचे गुण आले असले, तरी मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीशिवाय परवाना मिळत नसे. सहीच्या वर एकच ओळ छापलेली होती : ‘सदर प्रशिक्षणार्थी मुलांसमोर उभे राहण्यास योग्य आहे.’

“बाई, मी मुलांना वेळ दिला नव्हता. मला बोलता येत नव्हतं.”

“कळलं मला. होतं असं. निरीक्षकांना आवडलं, विषय संपला.”

“मी तोफखान्यात होतो. नकाशे वाचायचं काम होतं माझ्याकडे.” त्याने नळ थोडा बारीक केला, बंद केला नाही. “नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी एका उतारावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे काय आहे? मी नकाशा बघितला. म्हणालो, काही नाही. नकाशा तीस वर्षांचा जुना होता. खाली कोपऱ्यात साल छापलेलं असतं, ते मी वाचलं होतं.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं.

“किती?”

“चौदा घरं. माणसं किती, ते आम्हाला सांगितलं नाही.”

“चौकशी झाली असेल.”

“झाली. नकाशा जुना होता असं ठरलं. मला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. दोन वर्षं मी वाट बघितली, कुणीतरी बोलेल म्हणून. मग सोडलं.”

“शाळा होती तिथे?”

तो बराच वेळ हात चोळत राहिला. शाई कधीच निघून गेली होती.

“एक भिंत उभी होती. तिच्यावर पाढे लिहिलेले होते. शाळा असेल, नाहीतर कुणाच्या घरची मुलं लिहीत असतील.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि या खोलीत त्यांनी पुष्कळ रडणारी माणसं पाहिली होती. हा रडत नव्हता.

“हे मला आज का सांगितलंत?”

“तुम्हाला सही करायची आहे.”

“सही झाल्यावर सांगता आलं असतं.”

“मग ते सांगणं झालं नसतं.”

“चूक केलेल्या माणसांनी शिकवायचं नाही म्हटलं, तर शाळेला टाळं लागेल,” बाई म्हणाल्या. “पण ही…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. अर्जाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. “घरी माहीत आहे?”

“हो,” तो म्हणाला. इतकं सगळं खरं सांगून झाल्यावर हे एवढं खोटं मात्र त्याच्या तोंडून अलगद निघून गेलं.

पुढचे तीन दिवस बाई त्याच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सातवीच्या दारात तो वह्यांचा गठ्ठा घेऊन उभा असताना त्यांनी तो गठ्ठा त्याच्या हातातून घेतला.

“सही करून अर्ज पाठवलाय. तुमचे पाठ पूर्ण झाले. आता या वर्गावर मीच जाईन.”

“बाई…”

“मी विचार केला. उलटसुलट, सगळा केला. तुम्ही चांगलं शिकवता, ते खरं आहे. म्हणून सही केली.” त्यांनी गठ्ठा छातीशी धरला. “पण तुम्ही तिथे उभे असताना मला मागे उभं राहून बघवणार नाही. एवढं समजून घ्या.”

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आतून मुलांचा आवाज आला, “बाई, कवायत सर कुठेत?” उत्तर त्याला ऐकू आलं नाही. तो तिथून निघाला, तेव्हा पावलं आपोआप ठेक्यात पडत होती. त्याने ती मुद्दाम मोडून पाहिली, पण जिन्यापर्यंत पोचेतो ती पुन्हा ठेक्यात आली.

दीड महिन्याने, शनिवारी दुपारी परवाना आला. सोबत नेमणुकीचं पत्र. सोमवारी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत हजर व्हायचं होतं. बायकोने दोन्ही कागद उभ्यानेच वाचले, परत वाचले, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत असे. आठवड्याचे पांढरे कोट धुऊन वाळले होते. त्यांच्या घड्या घालायला ती पलंगापाशी उभी राहिली.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “सुटलास एकदाचा.”

तो खुर्चीत बसला होता. हात मांडीवर होते.

“तुझ्या बाईंचा फोन आला होता,” ती कोटाची बाही सरळ करत म्हणाली. “मागे. तुझा शेवटचा पाठ झाला ना, त्याच संध्याकाळी.”

“काय म्हणाल्या?”

“विचारत होत्या, सैन्यातलं ते तुम्हाला माहीत आहे ना? घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, हो. माहीत आहे मला. काही काळजी करू नका.”

“काय माहीत आहे तुला?”

“तेच म्हणते मी.” तिने कोट पलंगावर ठेवला आणि दुसरा घेतला. “काय माहीत असायला हवं होतं मला? नऊ वर्षं तू झोपेत माफी मागतोस. कुणाची, ते मला माहीत नाही. पण फोनवर त्यांचा आवाजच असा होता, की मी नाही म्हटलं असतं तर तुझं काम झालं नसतं. म्हणून हो म्हटलं.”

तो उठला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

“बस जरा,” तो म्हणाला. “सांगतो.”

तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि किती तरी वेळ पाहत राहिली. जणू या माणसाला शेवटचं असं पाहून घ्यायचं होतं.

“नको,” ती म्हणाली.

“ऐकून तरी घे.”

“नको ना. त्या बाईंना सांगितलंस, त्यानंतर त्या तुझ्याशी बोलल्या?”

तो कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बघू लागला.

“मग मला नको सांगूस,” ती म्हणाली. “मला अजून तुझ्याबरोबर राहायचंय.”

ती पुन्हा घड्या घालू लागली. काही वेळाने त्यानेही एक कोट उचलला आणि कडेला कड जुळवून घडी घातली. तिने ती घडी न बघता बाकीच्यांवर ठेवली.

“वर्ग कितवीचे मिळालेत?” तिने विचारलं.

“सातवी. चार तुकड्या.”

“म्हणजे एकच धडा चार-चारदा.”

“हो,” तो म्हणाला. “दर वर्षी.”