चोवीस आकाराचं अक्षर

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सोळा वर्षं मी दुसऱ्यांची नावं, जन्मतारखा आणि आधारचे आकडे टाइप करत आलेय. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या. मी म्हटलं, बघू. दुकान पंधरा दिवस बंद ठेवलं की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं आणि तिकडचंच होतं. शिवाय मोतीबिंदू म्हटलं की मला माझी म्हातारी सासू आठवते, आपणही तिच्याच वयाला टेकल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा कॉम्प्युटरला दोष देणं सोपं होतं.

शेजारी दीपेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला मी महिन्याभरात सात-आठ वेळा बोलावलं असेल. अक्षरं फाटल्यासारखी दिसतात रे, म्हणायचे. त्याने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं सेटिंग उघडून दिलं. त्यात एकच मजकूर सहा चौकटींत येतो आणि सर्वांत स्पष्ट कोणता, असं विचारतो. मला सहाही सारखेच पुसट. मी अंदाजाने तिसरी चौकट दाबली. मग त्याने ब्राउझरचा झूम वाढवला. इंग्रजी वाचता येऊ लागलं, पण मराठीतले अनुस्वार आणि रफार काही केल्या दिसेनात.

एका सकाळी वैतागून मीच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरले आणि अक्षराचा कमीत कमी आकार चोवीसवर नेऊन ठेवला. म्हणजे कुठलीही साइट उघडा, त्याहून लहान अक्षर दिसणारच नाही. काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी चहासुद्धा जास्त घेतला.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला वैशाखरे गावातली मनस्वी आली. माहेर शहापूरकडचं, बारावीला चांगले मार्क, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. गावातल्या अंगणवाडीत सेविकेची एक जागा निघाली होती. ही जागा त्याच गावात राहणाऱ्या बाईला मिळते, आणि एकदा भरली की पुढची पंचवीस वर्षं गावात दुसरी निघायची नाही. घरात तिने अट कबूल केली होती. नंबर लागला तर नोकरी आणि सोबत बाहेरून बीएसुद्धा. नाही लागला तर पुस्तकं बंद, शेतावर चल.

मी फॉर्म भरला. प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून दाखवला, फोटो चढवला, फोनवर आलेला नंबर टाकला. हिरव्या पट्टीत ‘आपली माहिती जतन झाली आहे’ असं ठसठशीत आलं. मी प्रिंट काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘‘झालं बघ तुझं काम.’’

दुसऱ्या दिवशी रेशनकार्डाच्या साइटवर अक्षरं एकमेकांवर चढून बसली, तेव्हा दीपेशने माझं सेटिंग पुन्हा होतं तसं केलं. मी त्याच्यावरच चिडले.

दीड महिन्याने मनस्वी पुन्हा आली. पिशवीत माझ्यासाठी चार काकड्या. ‘‘ताई, यादी लागली. माझं नावच नाय. पासात नाय, नापासात पन नाय.’’

मी तिच्या नावाने साइट उघडली. पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं, अर्ज अपूर्ण. खाली ‘अंतिम सादर करा’ असं बटण होतं. हे बटण त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं. मोठ्या अक्षरांनी पान इतकं फुगलं होतं की बटण तळाच्या पट्टीखाली दडलं, आणि मी हिरव्या पट्टीवर खूश.

माझा पडदा माझ्याकडे असतो. गिऱ्हाइकाला त्याची पाठ दिसते. आमच्याकडे हीच पद्धत आहे, लोक खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत काम झालं की नाही ते ओळखतात. मनस्वीही तशीच बघत होती.

‘‘वशिला लागतो ना ताई,’’ तीच म्हणाली. ‘‘आमचा कुटं आलाय वशिला.’’

‘‘हो ना,’’ मी म्हणाले. खरंच म्हणाले. सोळा वर्षांत एवढं आयतं कारण मला कुणी दिलं नव्हतं. ती काकड्या ठेवून गेली असती आणि मी दुसऱ्याचा फॉर्म घेतला असता. कुणाला काही कळलं नसतं.

‘‘पुस्तकं बांधून ठेवलीत. सासू म्हनते, तुझ्यातच काय तरी कमी असंल. नवरा काय बोलत नाय.’’ ती जराशी हसली. ‘‘मला पन आता तसंच वाटाय लागलंय.’’

हे मात्र मला ऐकवेना. मी पडदा धरून तिच्याकडे फिरवला.

‘‘वाच.’’

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मी सगळं सांगितलं. डोळे, मोतीबिंदू, ते सेटिंग, दडलेलं बटण. मुदत कधीच गेली होती, त्या बटणाचा आता काही उपयोग नव्हता, तेही सांगितलं. आता ही दुकानात रडेल, नाही तर शिव्या देईल, असं मी धरून चालले होते. दोन्ही माझ्या वाट्याचंच होतं.

तिने पडद्यावरचं ‘अर्ज अपूर्ण’ बोटाने पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, ‘‘म्हंजे माझा अर्ज कुनी बघितलाच नाय?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मी कमी पडले नाय?’’

‘‘नाही.’’

तिने पदराने तोंड पुसलं. राग आला होता तिला, मान ताठ झाली होती. पण आवाज चढला नाही. ‘‘ह्याची प्रिंट द्या.’’

मी प्रिंट काढली. तिने ती टेबलावर माझ्याकडे फिरवून ठेवली. ‘‘घरी हे दाखवलं तर म्हनतील, तूच अर्धा सोडलास. खाली लिहून द्या, चूक तुमची. सही करा. दुकानाचा शिक्का मारा.’’

हा कागद वैशाखऱ्यात घरोघरी फिरणार आणि तिथून मुरबाडच्या बाजारात येणार, हे मला कळत होतं. मागच्या बाकावर तीन माणसं बसली होती, त्यांनी ऐकलंच होतं. मी पेन उघडलं. ‘हा अर्ज माझ्या चुकीमुळे’ एवढं लिहिलं.

तिने कागदावर बोट ठेवलं. ‘‘मोठं लिहा ताई. सासूला बारीक दिसत नाय.’’

मी दुसरी प्रिंट काढली आणि मोठं लिहिलं.