उत्तरेच्या भिंतीखालचा वाफा

सौदीत धाहरानला, तेलकंपनीच्या कॅम्पात, कुबराचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. घरामागे उत्तरेच्या भिंतीखाली, जिथे ऊन फिरकत नाही, तिथल्या वाफ्यात तिने आल्प्सच्या डोंगरातली दुर्मिळ अ‍ॅनिमोनी लावली होती. मायदेशी परतणाऱ्या स्विस शेजारणीने मुळं दिलेली. "बर्फातलं झाड वाळवंटात लावते, हिला कुणीतरी आवरा," असं तिचा नवरा हुसेनमियाँ चारचौघांत म्हणायचा आणि घरी आला की गुपचूप फ्रीजमध्ये बर्फाचे ट्रे भरून ठेवायचा. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली की कुबरा तो बर्फ वाफ्यावर पसरायची. कित्येक वर्षं नुसती पानंच आली. शेवटी एका हिवाळ्यात एकुलतं एक पांढरं फूल उमललं, तर बाईंनी शेजारीपाजारी शिरखुर्मा वाटला.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणूस काढून सौदी माणूस नेमायची, कुऱ्हाड हुसेनमियाँवर कोसळली. त्याच्या जागी नबील आला. जाण्याआधी नव्या माणसाला काम शिकवायचं, असा कंपनीचा दंडक. हुसेनमियाँने हातचं काही न राखता शिकवलं. कुबराच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला, कारण नोकरीबरोबर कंपनीचं हे घरही नबीलकडेच जाणार होतं.

नबीलची बायको अरवा घर बघायला आली. लाघवी पोरगी, कुंडीकुंडीपाशी थांबून विचारत होती. अ‍ॅनिमोनीची पानं तेव्हा वाळून गेली होती. मुळं मातीखाली निजलेली. ती गावी, दापोलीच्या पावसात कुजलीच असती, म्हणून बरोबर न्यायचा प्रश्नच नव्हता.

"खाला, इथे काय लावलंय?" अरवाने मोकळ्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

"काही नाही," कुबरा तोडक्यामोडक्या अरबीत म्हणाली. "खलास."

बॅगा भरताना हुसेनमियाँने विचारलं, "झाडाचं सांगितलंस ना पोरीला?"

"सांगितलं," ती म्हणाली. यांना सगळं आयतं कशाला, मरू दे ते झाड, असंच तिला वाटत होतं.

दापोलीला आल्यावर राग ओसरला आणि मन खाऊ लागलं. फोन करावा असं रोज मनात यायचं. पण मग खोटं बोलल्याचं कबूल करावं लागलं असतं. ते राहूनच गेलं.

हिवाळ्याच्या तोंडावर अरवाने फोटो पाठवला, सोबत आवाजातला निरोप. "खाला, वाफा रिकामा म्हणालात ना, तिथे तुमच्या आठवणीसाठी मोगरा लावला. खणताना कोवळे कोंब निघाले, तण समजून काढून टाकले. याला पाणी किती घालू? तुम्ही सांगाल तसं करीन."

सांगितलं असतं तर या पोरीने बर्फसुद्धा घातला असता. कुबरा पदराने डोळे पुसत राहिली. मग तिने मोगऱ्याला पाणी कधी, किती, सगळं बैजवार सांगितलं. कोंबांबद्दल मात्र ब्र काढला नाही.