द्वारकाकाकूंच्या वाती

आषाढी एकादशीला द्वारकाकाकूंनी संकल्प केला, की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत एक लाख वाती स्वतःच्या हाताने वळेन आणि त्या दिवशी देवळात लावेन. ऑफिसचा त्यात उल्लेख नव्हता. पण रोज आठशे व्हायला हव्यात, आणि पहाटे उठून घरी पाचशेच होत. उरलेल्या तीनशे वारज्याच्या ऑफिसातच व्हायच्या.

काम अमेरिकेतल्या विम्याचे फॉर्म तपासण्याचं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं, की पोरंपोरी कँटीनकडे पळत, नाहीतर मोबाइलवर खेळत बसत. काकू ड्रॉवर उघडत. चिमूटभर कापूस, दोन बोटांचा पीळ, वात डब्यात. तोवर फॉर्म हजर.

कोजागिरी होऊन शहात्तर हजार झाल्या, आणि कंपनीत श्रीनिवाससर आले. माणसांची शक्ती आणि लक्ष कुठे गळतं, ते शोधून देणारे सल्लागार. दोन दिवस त्यांनी सगळ्यांवर घड्याळ लावलं. तिसऱ्या दिवशी काकूंपाशी थांबले, कारण तीन महिन्यांत एकही चूक नसलेलं ते एकच टेबल होतं.

"हे काय करताय?"

"वाती."

"का?"

"मशीन विचार करत बसतं. हातांनी रिकामं का बसावं?"

श्रीनिवाससरांनी वहीचं अख्खं पान भरलं. काकूंनी ड्रॉवर हळूच लावून घेतला.

सोमवारी 'माइंडफुल कॉटन' सुरू झालं. रोज तीन ते तीन-वीस, चाळीस जणांनी बसून वाती वळायच्या. शिकवणार काकू, हजेरी घेणार काकू. एरवी टेबलं स्वच्छ हवीत, म्हणून ड्रॉवरातला कापूस जमा.

"काकू, तुम्ही तर आमच्या ब्रँड अँबॅसेडर!" मॅनेजर अभिनव म्हणाला. ऑफिसात सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, हा नियम त्याचाच. काकूंपुढे तोच विसरायचा.

त्या वीस मिनिटांत काकूंची स्वतःची एक वात होईना. कुणाची वात मिशीसारखी, कुणाची गाठोड्यासारखी. त्या सुधारण्यातच वेळ सरे. शेजारच्या टेबलावरच्या रुपालीने एक दिवस पिशवीभर वाती पुढे केल्या.

"घ्या काकू, सगळ्यांच्या मिळून आठशे आहेत. टार्गेट क्लोज!"

"अगं, उपास तू केलास तर पुण्य माझ्या पदरात कसं पडेल?"

"फॉरवर्ड करता येत नाही?"

"देवाकडे अजून ती सोय आलेली नाही गं."

दिवाळी आली तोवर अडीच हजार वाती मागे पडल्या होत्या. आणि काकूंच्या टेबलावर, जन्मात पहिल्यांदा, दोन चुका निघाल्या. अभिनवने बोलावून घेतलं.

"काकू, तुमचं लक्ष उडालंय. उद्यापासून रोज साडेचारला रिव्ह्यू मीटिंगला बसा. प्रोग्रॅम कसा चाललाय, त्यावर असते."

"किती वेळ चालते?"

"दोन तास. सॉरी हं."

खोलीत प्रोजेक्टरपुरताच उजेड. लक्ष कसं टिकवावं यावर श्रीनिवाससर बोलत होते आणि लक्ष कुणाचंच नव्हतं. काकूंनी पर्समधला घरचा कापूस हळूच मांडीवर घेतला. डोळे भिंतीवरच्या आलेखाकडे, बोटं पदराखाली. पहिल्याच दिवशी सहाशे झाल्या. दुसऱ्या दिवशी पूजेत त्यांनी देवाची क्षमा मागितली आणि पर्समध्ये जरा जास्त कापूस भरला.

त्रिपुरीचा दिवस उजाडला. साडेसहाची ऑफिसची बस काकूंना थेट देवळापाशी सोडणार होती. तिथे काकूंचे यजमान घरच्या वाती आणि तुपाचा डबा घेऊन उभे राहणार होते. टेबलावर कापसाला बंदी, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी बसमध्ये वात वळणं अशक्य. म्हणजे जे काय व्हायचं ते मीटिंगमध्येच. एकशे दहा उरल्या होत्या, आणि सव्वापाचलाच श्रीनिवाससर म्हणाले, "प्रोग्रॅम सक्सेसफुल झालाय. आज लवकर उठू या. कुणाला काही शंका?"

खुर्च्या सरकल्या. रुपालीने बॅग खांद्याला अडकवली.

मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडलेल्या काकूंनी हात वर केला.

"सर, शक्ती आणि लक्ष यांतला फरक मला नीटसा समजला नाही. जरा पहिल्यापासून सांगता का?"

रुपालीने कपाळावर हात मारून घेतला. श्रीनिवाससरांचा चेहरा मात्र उजळला. इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी पहिली स्लाइड लावली, दिवे पुन्हा मालवले.

ते पस्तीस मिनिटं बोलले. काकूंच्या लाख वाती पंचविसातच पूर्ण झाल्या. उरलेली दहा मिनिटं त्यांनी हात जोडून, अगदी मनापासून ऐकलं.