पाचवर राहिलेला पाना

मित्रांनो, 'पुरे' म्हणणारा कोणालाच आवडत नाही. मी मात्र जन्मभर तेवढेच म्हणत आलो. मी एक जुना टॉर्क पाना आहे. साधा पाना नट आवळतच सुटतो, कुठे थांबायचे ते त्याला कळत नाही. माझ्या दांड्यावर आकडे आहेत. जो आकडा लावाल तेवढा जोर झाला की मी 'टक्क' वाजतो. काम संपले की मला शून्यावर आणून ठेवायचे असते, कारण माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि ती ताणाखाली राहिली की थकते. हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवा.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेले लखनौच्या जानकीपुरममध्ये, आत्मारामरावांच्या सायकलच्या दुकानात. ते मूळचे वाशीमचे. वायुसेनेत विमानांचे फिटर होते आणि लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान काढले. विमान मी काही पाहिले नाही, पण तिथली एक रीत त्यांनी सोबत आणली होती. महत्त्वाचा बोल्ट एकाने आवळायचा, सही करायची, आणि मग दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तपासून आपली सही करायची. दुकानात हा दुसरा माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी, हेमाकाकू. प्रत्येक नव्या सायकलच्या हँडलला दोन सह्यांची चिठ्ठी बांधलेली असे. गिऱ्हाईक घाई करू लागले की काकू म्हणत, "भैया, रुकिए. साहब का काम मुझे चेक करना पड़ता है." आत्मारामराव तेवढा वेळ बाजूला गुपचूप उभे राहत. मला तेव्हा फार ऐट वाटायची.

आम्ही ज्या कंपनीच्या सायकली विकत होतो, तिची एक अट होती. जिथे माणसाचे माप घेऊन सायकल जोडून देतात, अशाच दुकानात ती विकायची. अख्ख्या जानकीपुरममध्ये असे दुकान आमचेच. मग एके दिवशी कंपनीचा माणूस, ऋषभ, आला. चहाला हात न लावता म्हणाला, "अंकल, अब कंपनी को बड़े नंबर चाहिए. माल बड़े स्टोर में भी जाएगा." आणि खरोखरच त्या सायकली एका मोठ्या डिस्काउंट स्टोअरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, बादल्या आणि डिटर्जंटच्या शेजारी. तिथे त्या बऱ्याच स्वस्त मिळत. कोण जोडते, कोण तपासते, कोणी विचारत नव्हते. लोक आमच्याकडे येऊन पायाचे माप द्यायचे, चक्कर मारून बघायचे, 'सोचकर बताते हैं' म्हणायचे आणि तिकडे जायचे. आत्मारामराव कोणाला काही बोलत नसत. राग मात्र साठत होता. खोटे कशाला बोलू, माझाही साठत होता.

आमच्याच गल्लीत देवदत्त राहत. औषधांच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आणि आमच्यासारखेच मराठी. त्यांची मुलगी मुक्ता तेरा वर्षांची, लखनौतच वाढल्याने हिंदी बोलणारी. जानेवारीत आत्मारामरावांनी तिचे माप दोनदा घेतले होते आणि तिने निळी सायकल पसंत केली होती. मार्चमध्ये बापलेक आले तेव्हा निळी सायकल तिच्या हातातच होती.

"आत्मारामराव, हँडल जरा हलतंय. बघता का?" देवदत्त म्हणाले.

आत्मारामरावांनी सवयीने मला काढले. हँडलच्या बोल्टला पाच लागते, म्हणून पाचवर लावले. मग त्यांना सायकलच्या दांडीवर त्या स्टोअरचे पिवळे स्टिकर दिसले. हात तिथेच थांबला.

"जिथून घेतली तिथंच दाखवा, साहेब."

देवदत्त ओशाळले. आतून हेमाकाकू म्हणाल्या, "अहो, एवढं टाइट करून द्या ना. पोरीची सायकल आहे."

"मी जोडलेली नाही. चिठ्ठीवर सही कोण करणार?"

मुक्ताने हळूच विचारले, "अंकल, बाद में आ जाएँ?" देवदत्तांनी सायकल वळवली. ती दोघे निघून गेली. आत्मारामरावांनी मला तसेच, पाचवरच, खणात टाकले. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच झाले. आणि मला ते मनातून आवडले होते, हे आज सांगताना लाज वाटते.

चौथ्या दिवशी वळणावर मुक्ताने हँडल वळवले. हँडल वळले, चाक वळले नाही. तिचे मनगट मोडले.

देवदत्त भांडायला आले नाहीत. ते भांडले असते तर बरे झाले असते. हेमाकाकू शिरा घेऊन मुक्ताला भेटून आल्या. आत्मारामरावांना मात्र त्या घराची पायरी चढवेना. कंपनीची एजन्सी त्यांनी परत केली आणि नुसती दुरुस्ती सुरू ठेवली. मी ज्या खणात होतो तो खण त्यांनी चार महिने उघडला नाही.

शाळा सुरू झाल्यावर एक दिवस मुक्ता एकटीच सायकल ढकलत आली. "अंकल, पापा बोले, आप ही टाइट कर दीजिए."

त्यांनी खण उघडला, मला उचलले आणि माझ्यावरचा आकडा पाहिला. अजून पाचच होता. मग मला बोल्टला लावले. मी वाजलो, पण लवकर वाजलो. स्प्रिंग थकली होती. त्यांच्या हाताला ते लगेच कळले.

"हेमा, हा गेला," ते म्हणाले. "मीच ताणात ठेवला होता त्याला."

नवा पाना येईपर्यंत सायकल दुकानातच राहिली. आल्यावर त्यांनी सगळे बोल्ट आवळले, काकूंनी तपासले, चिठ्ठीवर दोन सह्या झाल्या. तारखेच्या जागी आत्मारामरावांनी मार्चमधली ती तारीख लिहिली. मग ती खोडून आजची लिहिली. मुक्ताने विचारले, "यह काटा क्यों, अंकल?"

"त्या दिवशी करायला हवं होतं, बेटा," ते म्हणाले.

आता दुकानाबाहेर पाटी आहे, की सायकल कुठूनही घेतलेली असो, हँडल इथे आवळून मिळेल. पिवळी स्टिकरे रोज येतात. मी खिळ्यावर टांगलेला असतो, शून्यावर. माझ्या भरवशावर आता कोणी सही करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मित्रांनो, रागावायचे तर ज्याने चूक केली त्याच्यावर रागावा. पण एखाद्याचा हलणारा बोल्ट तुमच्या समोर आला असेल आणि पाना हातात असेल, तर आधी तो आवळा. मग पाना शून्यावर आणा.

शेजारचा नवा पाना वाजला की मी अजून कान देतो. तो बरोबर पाचवर वाजतो. मुक्तासाठी मला त्या दिवशी तेवढे एकदाच वाजायचे होते.